बदकाची पाटी

९ जानेवारी

बारक्या,

बरा असशील असं धरून चालते. मीही बरी आहे, गुडघे सोडून. फोन करू नकोस, फोनवर तू नुसतं हो-हो करतोस. पत्रच लिही.

तर मुद्द्याचं. आपलं यार्ड साफ करतायत. या वेळी खरंच. मागच्यासारखं फोटो काढून, भिंतीला खडू मारून पळालेत असं नाही. मोठ्या शेडचे पत्रे उतरवले, धक्क्याची भिंत पाडली, रूळ उपटायला घेतलेत. तिथे बाग होणार म्हणे, आणि बागेभोवती उंच इमारती. बाग कुणासाठी ते इमारती बघून कळतंच. माझ्या चहाच्या खिडकीचं नुसतं भोक उरलंय. त्यातून एक झाड डोकावतं. गिऱ्हाईक म्हणून तेवढंच.

सगळं उचललं तरी तुझा मालगाडीचा डबा जागेवरच आहे. धक्क्याच्या टोकाला, तू सोडून गेलास तिथे. आणि त्याच्या बफरला तुझी पाटी. गंजलीय, पण बदक ओळखू येतं. ठेकेदाराचा पोरगा ती काढायला गेला, तर आपला मुकादम काठी घेऊन आडवा. ऐंशीला टेकलाय, ऐकू काही येत नाही, पण ओरडणं तेच. "ज्याने लावली तोच काढेल!" पोराला वाटलं म्हातारा भ्रमलाय. शेवटी मी गेले मध्ये.

म्हटलं, बाबा, इथला डबे जोडणारा-सोडणारा माणूस दोन डब्यांच्या मध्ये खाली जायचा. जाण्याआधी आपली लाल पाटी बफरला, डब्याच्या टोकाच्या लोखंडी दट्ट्याला, अडकवायचा. पाटी दिसली की तो डबा हलायचा नाही, मग समोर साहेब का उभा असेना. माणूस बाहेर आला की मुकादम विचारायचा, "माणूस बाहेर?" तो म्हणायचा, "बाहेर!" आणि स्वतःच्या हाताने पाटी काढायचा. दुसऱ्या कुणी तिला शिवायचं नाही. निम्म्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून पाटीवर नावाऐवजी चित्र. कुणाची कात्री, कुणाचं कुलूप. बदक माझ्या भावाचं. तो तसाच चालतो म्हणून.

पोरगा हसला. म्हणाला, "मग मावशी, हा माणूस खालून कधी निघणार? वीस वर्षं झाली की."

तिथे मलाही हसू आलं. घरी आल्यावर नाही आलं.

लोक अजून सांगतात, यार्ड बंद झालं त्या दिवशी तू मुद्दाम पाटी ठेवलीस, साहेबांना दाखवायला. ड्रायव्हरने पाटी बघून तुझा डबा मागे सोडला आणि शेवटची गाडी तेवढी नेली. मोठा वीर! मला विचारा म्हणावं. तू विसरलास. चहा प्यायलाही विसरलास, तुझा ग्लास माझ्या खिडकीत निवून गेला.

पुढच्या महिन्याच्या शेवटी क्रेन येणार आहे. त्याआधी ये, पाटी काढ, दोन दिवस राहा आणि जा. फार काही करायचं नाही.

अक्का

नगरपालिकेच्या ऑफिसातली एक मुलगी यार्डाचा इतिहास लिहायला येते. बागेत बोर्ड लावणार आहेत. मला विचारते. मी म्हटलं, मी चहा विकायचे. तुला आठवत असेल ते लिही. पाल्हाळ नको.


२३ जानेवारी

अक्का,

एका कागदावर मला विसरभोळा म्हणालीस आणि त्याच कागदावर आठवणी मागितल्यास. धन्य आहे तुझी.

विसरलो नव्हतो. पण ते असू दे.

त्या मुलीला सांग, आधी तिथे चिखल होता. नुसतं लव्हाळ्याचं रान. आपल्या आजोबांनी भराव टाकताना टोपल्या वाहिल्या. मग रूळ आले, मग धक्का, मग शेडी, आणि शहराला जे काही लागेल ते तिथे उतरायला लागलं. कोळसा, गहू, बर्फात घातलेली मासळी, घोडे. शहरातल्या जुन्या घरांच्या विटा कुणी आणल्या म्हणावं? आम्हीच. एकदा पियानो आला होता, आठवतो? हमालांनी उतरवताना तो कलला आणि त्याच्या पोटातून मोठा आवाज निघाला. सगळे जागच्या जागी थांबले. दाजींनी हळूच झाकण उघडून एका बोटाने एक पट्टी दाबली. मुकादमाने अशी शिवी घातली की ती पियानोपेक्षा लांब ऐकू गेली. हे बोर्डावर नको घालू म्हणावं.

दाजींची किटलीची पाटी अजून तुझ्या स्वयंपाकघरात आहे ना? सारखे तुझ्या खिडकीपाशी सापडायचे म्हणून मुकादमाने किटली काढली. तुमचं लग्न त्या पाटीनेच जमवलं, तू काही म्हण.

येण्याचं म्हणशील तर आत्ता नको. थंडी फार आहे. मुलाला रजा नाही. उन्हाळ्यात बघू. तोवर क्रेनवाल्याला थांबव. तुझ्यापुढे क्रेन म्हणजे काय!

ओळी तिरक्या गेल्यात. आमचं टेबल हलतं.

बारक्या


२ फेब्रुवारी

बारक्या,

टेबल नाही हलत, तू हलतोस. तुझी ओळ कागदावर सुरू होते आणि टेबलावर संपते. घोड्यांची शेपटं तिकडेच राहिली, पाकिटात आलीच नाहीत. चष्मा बदल. तुझ्या डोळ्यांचं पहिल्यापासून असंच, नाकाला कागद लावल्याशिवाय वाचायचं नाही आणि कुणी चष्मा म्हटलं की रुसायचं.

त्या मुलीने लिहून आणलेलं मला वाचून दाखवलं. "या मालधक्क्याने शहराच्या जडणघडणीत मोलाची भूमिका बजावली." मी म्हटलं, कुणी बजावली? धक्क्याने? धक्का जागचा हलला नाही, हलली ती माणसं. तिने ओळ खोडली. पियानोचं ऐकून मात्र खूप हसली आणि लिहून घेतलं. चांगली आहे. चहा बिनसाखरेचा पिते तेवढंच खटकतं. आता विचारते, एवढं चाललेलं यार्ड बंद का पडलं? मला काय ठाऊक? गिऱ्हाईक कमी होत गेलं तसं मी दूध कमी घेत गेले, मला तेवढाच हिशोब. तू लिही.

उन्हाळा-बिन्हाळा चालणार नाही. क्रेन तुझ्यासाठी थांबत नाही. तुझी खोली झाडून घेतली. गादी उन्हात टाकली आहे. ती काय तशीच परत आत घेऊ?

अक्का


१९ फेब्रुवारी

अक्का,

चष्मा बदलला. बघ, ओळी कशा सरळ आल्या.

यार्ड का बंद पडलं म्हणतेस. कुणा एकाने बंद केलं असतं तर त्याला जाऊन शिव्या तरी घातल्या असत्या. आधी भाजी ट्रकवर गेली. ट्रक थेट दुकानाच्या दारात उभा राहतो, आपल्याला ते कसं जमणार? मग मासळी गेली. मग त्या मोठ्या लोखंडी पेट्या आल्या, त्या आपल्या धक्क्याला मावेनात. त्यांच्यासाठी शहराबाहेर नवं यार्ड झालं. एक पाळी बंद केली, मग दुसरी. कुणाला काढलं असं नाही, निवृत्त झालेल्याच्या जागी नवा घेत नव्हते एवढंच.

आम्हाला मात्र रुळावरून कळायचं. वापरातला रूळ चकचकीत असतो. आम्ही कामावर येताना आधी रुळांकडे बघायचो, डॉक्टर आजाऱ्याची जीभ बघतो तसं. पलीकडचा तीन नंबरचा रूळ पहिल्यांदा तपकिरी दिसला, त्या दिवशी आम्ही सगळे तिथेच थांबलो. दाजी नुसते म्हणाले, "चला, चहा घेऊ." तू त्या दिवशी विचारलंस, सगळ्यांची तोंडं अशी का? ती त्या रुळामुळे.

येण्याचं जमेलसं दिसत नाही. सूनबाई जपते फार, दाराबाहेर पडू देत नाही. मला वाटतं, तूच का नाही पाटी काढत? तुझा हात चालेल मला. मुकादमाला सांग बारक्याने परवानगी दिली.

गादी आत घे. दव पडतं.

बारक्या


१ मार्च

बारक्या,

हे अक्षर तुझं नाही.

मला फार शिक्षण नाही, पण तुझं अक्षर मी तू शाळेच्या पाटीवर थुंकून पुसायचास तेव्हापासून बघतेय. बोलणं तुझं, अक्षर कुणा शिकलेल्या बाईचं. म्हणजे आता चार ओळी खरडायचाही कंटाळा आला? सुनेला सांगतोस, लिहून टाक म्हातारीला काहीतरी? ती बिचारी लिहिते. तू पाय पसरून बसलेला असशील.

आणि मी पाटी काढू? मी? इतकी वर्षं तिथे राबलास आणि हे बोलतोस? ज्याला स्वतः काढता येत नाही त्याला मुकादमाने आधी डोळ्यांनी बघायचं, मगच पाटीला हात लावायचा. ऐकीव चालत नाही. निरोप चालत नाही. पत्र तर नाहीच नाही. तुझे दाजी धक्क्यावर ताप येऊन पडले, हमालांनी उचलून घरी आणले, पाटी तिकडेच राहिली. गाडी खोळंबली, साहेब नाचला. मुकादम चालत आपल्या घरी आला, खाटेवर त्यांना बघितलं, माझ्या हातचं पाणी प्यायला आणि मग जाऊन पाटी काढली. तूही तेव्हा त्याच्यासोबत होतास. आणि आता म्हणे परवानगी दिली!

मुकादमाला आता प्रवास झेपत नाही. तो म्हणतो, बारक्याने यावं, नाहीतर माझे डोळे म्हणून अक्काने जाऊन त्याला बघून यावं. एवढं सरळ आहे.

क्रेन परवा आली. मी डब्यापुढे खुर्ची टाकून बसले. ठेकेदाराचा पोरगा म्हणाला, मावशी, मला वरून बोलणी बसतात. मी म्हटलं, बसू देत, मीपण बसलेय. ती इतिहासवाली मुलगी ऑफिसात जाऊन भांडली तेव्हा थोडी मुदत मिळाली. एवढं सगळं लोक करतात आणि तुला सूनबाई दाराबाहेर पडू देत नाही!

येतोस की मी येऊ? मी आले तर कान धरून आणेन.

अक्का


१२ मार्च

अक्का,

तू येऊ नकोस. गाडीत तुझे हाल होतील.

सूनबाईकडून लिहून घेतो, खरं आहे. हाताला कंप सुटलाय जरा. पाय पसरून बसलोय हेही खरं आहे.

विसरलो नव्हतो हे तुला पटत नाही, तर ऐक. तो शेवटचा डबा. मी पाटी लावली, वाकून खाली गेलो. ब्रेकची नळी सोडवली, साखळी सोडवली. वर साहेबाचं भाषण चाललं होतं, टाळ्या वाजत होत्या. काम झालं आणि मला उठवेना. तिथेच खडीवर बसलो. रडू आलं, अक्का. पुरुषासारखं नाही, पोरासारखं, नाकातोंडातून. इकडून बाहेर यावं तर समोर सगळा धक्का, मुकादम, हमाल, आणि खिडकीत तू ग्लास धरून उभी. दाजी असते तर कदाचित आलो असतो. ते आदल्याच वर्षी गेलेले. ते तोंड घेऊन तुझ्यासमोर कसा येणार होतो? म्हणून पलीकडच्या बाजूने निघालो आणि रूळ ओलांडून कोळशाच्या फाटकातून घरी गेलो. पाटी इकडे राहिली.

दुसऱ्या दिवशी काढायला गेलो, तर फाटकाला कुलूप आणि नवा पहारेकरी. म्हणाला, तू कोण? काय सांगणार त्याला, मी कोण ते. आठवड्याने इकडे भट्टीवर काम मिळालं, निघून आलो. मग लोक वीर म्हणायला लागले आणि तू विसरभोळा म्हणायला लागलीस. मला दोन्ही चाललं.

एक मात्र डोक्यात येतं. मुकादमाने मला बाहेर येताना बघितलंच नाही. मी "बाहेर" म्हटलंच नाही. म्हणजे यार्डाच्या दृष्टीने मी अजून खालीच आहे. त्या पोराने विचारलं ते काही चुकीचं नाही.

तू खुर्ची टाकून बसलीस ते ऐकून बरं वाटलं.

बारक्या

आत्याबाई, नमस्कार. या खालच्या ओळी बाबांना माहीत नाहीत. पत्र वाचून दाखवताना मी त्या गाळल्या. हाताला कंप वगैरे नाही. गेल्या वर्षापासून त्यांची नजर जात होती. तुम्हाला आलेलं पहिलं पत्र त्यांनी कागदावर पट्टी धरून स्वतः लिहिलं, कितीतरी कागद वाया गेले. आता अजिबात दिसत नाही. त्यात छातीत पाणी झालंय, उशाला टेकूनच असतात. ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या असं डॉक्टर म्हणाले. अक्काला कळवायचं नाही म्हणून त्यांनी मला शपथ घातली होती. "तिने मला असा बघायला नको," म्हणतात. शपथ मोडतेय. तुमचं पत्र आलं की दोनदा वाचायला लावतात. जिथे तुम्ही रागावलेल्या असता ती ओळ पुन्हा म्हण म्हणतात. लवकर या.


१६ मार्च

सूनबाई,

शपथ मोडलीस, बरं केलंस. उद्या निघते. पत्र माझ्याआधी पोचलं तर त्याला सांगू नकोस, उगाच दाढी-बिढी करून बसेल. खुर्चीवर मुकादमाला बसवलंय.

आत्या


९ एप्रिल

सूनबाई,

पोचले. प्रवास ठीक झाला. तू बांधून दिलेलं निम्मं उरलं, शेजारच्या बाकावरच्या मुलांना दिलं. एका माणसाला तिघांचं बांधायची तुझी सवय मोड.

पाटी वेगळ्या पार्सलने पाठवली आहे. गंज घासू नकोस, घासलास तर बदकही जाईल. माणसाची पाटी माणसाच्या घरी जाते, आणि त्याचं घर तुझंच. मला ठेवावीशी वाटली होती. किटलीशेजारी खिळाही ठोकून झाला होता. पण नियम तो नियम. त्या खिळ्याला गाळणं अडकवलं.

मी निघताना तू म्हणालीस, "आत्या, तुम्ही रडला नाहीत, पुढे त्रास होईल." अगं, तुझ्या घरी वेळ कुठे होता? आले ती न बोलता तुझ्या स्वयंपाकघरात शिरले, चहा टाकला आणि ग्लास त्याच्या हातात दिला. त्याने आधी वास घेतला. मग ग्लास गालाला लावला आणि म्हणाला, "मला वाटलं निवला असेल, अक्का." तू पाठमोरी उभी होतीस, पण तुझे खांदे दिसत होते मला. दोघींनी रडून कसं चालेल? कुणीतरी त्याला ग्लास धरायला मदत करायला हवी होती. त्यानंतरचे दिवस आपण दोघींनी मिळून काढले, त्याला पोचवलं, ते तुला काय लिहायचं.

आता इकडचं. परवा यार्डात गेले. मुकादम खुर्चीवर होता, ठेकेदाराचा पोरगा त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभा. दोघांची गट्टी झालीय. ती इतिहासवालीही होती. बोर्डाचा मजकूर झाला म्हणाली, वाचून दाखवू का? मी म्हटलं, नंतर.

मुकादम मला बघून उठला. बारक्या कसा आहे, असं त्याने विचारलं नाही. माझ्याकडे बघून त्याला कळलं असेल. पण विचारायचं ते त्याने विचारलंच, पूर्वी विचारायचा तसं, सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असं.

"माणूस बाहेर?"

क्रेनवाल्याने इंजिन बंद केलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मुकादमाला ऐकू येत नाही ना, तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द येईना. मी डोळ्यांनी बघितलं होतं. त्याचा हात माझ्या हातात होता, तो कधी गार झाला तेही कळलं होतं मला. याहून जास्त काय बघायचं असतं माणसाचं? तरी येईना.

मग मी डब्यापाशी गेले. बफर धरलं, गुडघे टेकले, वाकले आणि खाली बघितलं.

कोरडी माती होती. इतक्या वर्षांत तिथे पाऊस पोचलाच नव्हता. आजूबाजूला कमरेएवढं गवत, आणि खाली एक काडी नाही. खडी, रुळाखालची दोन लाकडं, आणि एक माणूस पाय जवळ घेऊन बसेल एवढी जागा. मी पलीकडच्या बाजूला, कोळशाच्या फाटकाकडे, कितीतरी वेळ बघत राहिले.

पोराने हात देऊन उठवलं. लुगड्याची माती झटकली. मग मुकादमाला नीट दिसावं म्हणून त्याच्या समोर जाऊन तोंड मोठं करून म्हटलं, "बाहेर."

आत्या